बालरवी आणि ठकूआत्यांचा कोपरा

एका जंगलात ऊन फुकट मिळायचं. म्हणून त्याला कुणी विचारत नव्हतं.

बसलात का सगळे? इथे पायरीवरच बसा. आज आत नको. आतून घरघर येतेय तिच्याकडे लक्ष देऊ नका, गोष्टीकडे द्या. आणि ए निळ्या सदऱ्याच्या, नाकातलं बोट काढ आधी. नाकात बोट घालून गोष्ट ऐकली की ती डोक्यात जात नाही.

तर या जंगलातले प्राणी कपडे घालायचे. लगेच हात वर करायची गरज नाही. तुमच्या पुस्तकातला उंदीर टोपी घालतो, अस्वल जाकीट घालून फिरतं, तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही. टोपी चालते, मग चड्डीने काय घोडं मारलंय? आता कपडे घातले की मळतात. मळले की धुवावे लागतात. धुतले की वाळवावे लागतात. एवढी साधी बाब आहे. त्या प्राण्यांनाही ती समजत होती. पुढे समजेनाशी झाली.

जंगलाच्या मधोमध एक ओढा होता. ओढ्याकाठी मोठा काळा कातळ होता आणि कातळाला लागून एक जुना वड. सकाळी सगळ्यांनी ओढ्यावर कपडे धुवायचे आणि कातळावर पसरायचे. दुपारपर्यंत कापडाचा पापड व्हायचा.

त्यांची एक रीत होती. कातळावरून जो जाईल त्याने सगळ्यांचे कपडे उलटून जायचे. आपले-परके बघायचे नाहीत. हरणाने सशाचं धोतर उलटायचं, सशाने साळिंदराची बंडी उलटायची आणि तिला भोकं किती ते विचारायचं नाही. उलटता उलटता गप्पा व्हायच्या. गप्पांतून भांडणं व्हायची, भांडणांतून कधीकधी सोयरिकीसुद्धा जमायच्या. असा अगदी मागासलेला काळ होता तो.

मग सुतारपक्षी आला. त्याने वडाच्या बुंध्यावर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "इथे लाकूड फार फुकट चाललंय."

त्याने वड बुडापासून शेंड्यापर्यंत पोखरला आणि ढोल्या पाडल्या. एका ढोलीत एक खोली, खोलीला एक कोपरा आणि आत-बाहेर करायला एक भोक. त्या भोकाला झडप लावली की दार, झडप उघडली की बाल्कनी. वडाचं नाव त्याने 'वटराज हाइट्स' ठेवलं. वड तोच होता. पण नाव बदलल्यावर ढोल्यांसाठी रांग लागली.

त्या रांगेत वेणू उभी होती. वेणू म्हणजे शेकरू. शेकरू माहीत आहे ना? तांबूस रंगाची मोठी खार, शेपूट अंगापेक्षा मोठं. शेकरं पिढ्यान् पिढ्या फांदीच्या टोकाला काटक्यांचं घरटं बांधतात. वेणूचंही तसंच घरटं होतं, पण एका वादळात ते उडून गेलं. वेणू तेव्हा पोटुशी होती. वादळ सरेपर्यंत ती फांदीला मिठी मारून बसली, आणि तिला मिठी मारून ठकूआत्या बसल्या.

ठकूआत्या म्हणजे वेणूच्या नवऱ्याच्या, भानुदासच्या, आत्या. भानुदासने डोळेही उघडले नव्हते तेव्हा त्याच्या आईला गरुडाने उचललं. आत्यांनी त्याला वाढवलं. त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि त्याबद्दल कधी कुणाला ऐकवलंही नाही. भानुदासला त्या 'भान्या' म्हणत आणि वेणूला 'वेणूबाय'.

वादळानंतर वेणू म्हणाली, "मला आता भिंती पाहिजेत." भिंती मिळाल्या. चारही भिंतींना एकदम हात लागायचा, पण भिंती त्या भिंतीच. पहिल्या दिवशी सामान लावताना भानुदासने विचारलं, "मी काय म्हणतो, आत्या कुठे झोपेल?" वेणू म्हणाली, "तो कोपरा आत्यांचा. मी आहे तोवर तिथे दुसरं काही येणार नाही." तिने हे मनापासून म्हटलं होतं, बरं का. वेणू वाईट नव्हती. गोष्टीत एखादी दुष्ट बाई पाहिजे असेल तर दुसऱ्या पायरीवर जाऊन बसा.

आत्यांनी कोपऱ्यात आपली गोधडी अंथरली. मग बबडी जन्मली. चौघं झोपली की भानुदासचं शेपूट दाराबाहेर ठेवावं लागे. भानुदासची त्याला हरकत नव्हती. त्याची कशालाच हरकत नसे.

दिवसा आत्या कातळावर असत. गुडघे शेकले जात, आणि सगळ्या वडाचे कपडे त्या उलटत. बबडीची दुपटी त्या दोन्ही बाजूंनी वाळवायच्या आणि गालाला लावून बघायच्या. हाताला कोरडं लागतं ते खरं नाही, गालाला लागलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

सगळं बरं चाललं होतं. त्यामुळे सभा बोलावण्यात आली.

वटराज हाइट्सचे अध्यक्ष एक मोर होते. त्यांना सगळे पिसारेसाहेब म्हणत. पिसारेसाहेबांचा पिसारा वाळवायला चार फांद्या लागायच्या. पण पिसारा कपड्यांत मोडत नाही, असं नियमांतच होतं. नियम त्यांनीच केले होते.

"परवा पलीकडच्या सागवनातून एक सांबर ढोली बघायला आलं होतं," पिसारेसाहेब म्हणाले. "चांगल्या घराण्यातलं. त्याने कातळावर एक चड्डी बघितली आणि आल्या पावली परत गेलं. आपल्या ढोल्यांची किंमत त्या चड्डीने खाली आणली."

सांबर ढोलीत मावणार कसं, असं कुणी विचारलं नाही. ते राहायला घेणार नव्हतं, गुंतवणूक म्हणून घेणार होतं.

"चड्डी कुणाची होती?" रानडुकराने विचारलं. यावर सभा उन्हं कलेपर्यंत चालली. चड्डी रानडुकराचीच होती.

शेवटी ठराव झाला. ओला कपडा बाहेर कुठेही दिसता कामा नये. ज्याचा दिसेल त्याची ढोली घोरपडीला. घोरपडीचं कुटुंब ढोलीसाठीच्या प्रतीक्षायादीत पहिलं होतं आणि रोज सकाळपासून वडाखाली बसून वर बघत असायचं. कातळावर एक पाटी आली: 'ज्येष्ठ नागरिक विसावा. येथे बसावे. येथे कपडे वाळत घालू नयेत.'

ठकूआत्या उठून उभ्या राहिल्या. "मग कपडे वाळवायचे कुठे?"

"आजी, तो तुमचा खासगी प्रश्न आहे," पिसारेसाहेब म्हणाले. "समिती कुणाच्या खासगी आयुष्यात नाक खुपसत नाही."

सगळ्यांना हे उत्तर फार सुसंस्कृत वाटलं. टाळ्याही पडल्या.

वेणूने ढोलीत दोरी बांधली. दुपटी तिच्यावर लोंबायला लागली. वाळता मात्र वाळेनात. ओली नाहीत, कोरडी नाहीत, आणि वास असा की बबडी गुंडाळली की रडायची. तिच्या अंगावर पुरळ उठलं. वेणू एकदा चोरून एक दुपटं दारात धरून उभी राहिली, तर खालून घोरपड म्हणाली, "वहिनी, किती छान दुपटं आहे. साहेबांना दाखवू का?" वेणूने झटकन झडप लावली. तिला वादळातली फांदी आठवली. काय वाटेल ते होवो, ढोली जाऊ द्यायची नाही.

आता सांगा, अशा वेळी गोष्टीत कोण येतं? बरोबर. कोल्हा आला.

कोल्ह्याच्या हातात एक सुबक पेटी होती. "ताई, कपडे वाळत नाहीत ना? हा घ्या 'बालरवी'. ड्रायर आहे. छोट्या घरांसाठी खास."

"जागा किती लागेल?" वेणूने विचारलं.

"घडी केली की उशीखाली जातो."

"आणि उघडला की?"

"उघडला की तुमचे कपडे वाळतात."

"म्हणजे तेव्हा जागा किती लागते?"

"ताई, तुम्ही किती हुशार आहात," कोल्हा म्हणाला. "हुशार घरांतच हा यंत्र शोभतो."

या वाक्यात व्याकरण चुकलं होतं, पण स्तुती बरोबर होती. वेणूने साठवणीचे सगळे आवळे देऊन बालरवी घेतला.

वीज कुठून आली म्हणता? माकडांनी पलीकडच्या गावाच्या तारेवर आकडा टाकला होता. तुम्ही मात्र असलं काही करू नका, माकडांची गोष्ट वेगळी असते.

बालरवी म्हणजे खाली पंख्याचा डबा आणि वर उभी पिशवी. पिशवीत कपडे टांगायचे, चेन लावायची, कळ दाबायची. पंखा गरम हवा सोडतो, पिशवी टम्म फुगते आणि घरघर चालू होते. फुगलेली पिशवी ढोलीत कुठेच बसेना. दाराशी ठेवली तर जायला वाट नाही, मध्ये ठेवली तर बबडीची झोळी नाही.

"मी काय म्हणतो," भानुदास म्हणाला, "ती कोपऱ्यात बसेल."

आत्यांनी आपणच गोधडी गोळा केली. "अगं, दिवसाच चालणार ना ते? दिवसा मी कुठे असते इथे?" त्या म्हणाल्या. "रात्री घडी कर म्हणजे झालं."

वेणूला हे पटलं. रात्री घडी करायची. घडी तर होतेच, पेटीवर तसं चित्र होतं.

पण बालरवीत एका वेळी दोन दुपटी आणि एक टोपडं एवढंच मावायचं. ते वाळेपर्यंत बबडी आणखी भिजवायची. शिवाय सोबतच्या कागदावर सूचना होती की यंत्र चालू असताना दार उघडं ठेवावं, म्हणजे दमट हवा बाहेर जाते. दार उघडं ठेवलं तर आतले कपडे बाहेरून दिसणार. म्हणून झडप बंद. दमट हवा ढोलीतच फिरायची आणि भिंतींना घाम फुटायचा. भिंतींना फुटला की माणसांना फुटायचा. घामाने सगळ्यांचे कपडे भिजायचे आणि ते वाळवायला पुन्हा बालरवी लावावा लागायचा. कोल्ह्याने सांगितलंच होतं, एकदा घेतलात की रोज वापराल.

रात्रीची घडी राहून गेली. आज राहिली, उद्या राहिली, मग ती करायची असते हेच कुणाच्या लक्षात राहिलं नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. कोपरा बालरवीचा झाला. आत्यांची वळकटी दाराजवळ आली, भानुदासच्या शेपटाशेजारी.

"आत्या, तुम्हाला चालेल ना?" वेणू विचारायची.

"न चालायला काय झालं? दाराशी वारा लागतो," आत्या म्हणायच्या. दाराला झडप होती आणि झडप बंद असायची. पण म्हणायला वारा.

तुम्हाला वाटेल बाकीच्या ढोल्या हसत असतील. छे. बाकीच्या ढोल्यांनी त्याच आठवड्यात बालरवी आणला. हौस म्हणून नाही, आवाज म्हणून. ज्या ढोलीतून घरघर येत नाही त्या ढोलीला सशीण विचारायची, "का हो, तुमचा बंद पडला का? की घेतलाच नाही?" हे ऐकण्यापेक्षा घाम परवडला. कातळ रिकामा पडला. दुसऱ्याचे कपडे उलटायची रीत गेली, कारण कुणाचे कपडे कुठे आहेत हेच कुणाला दिसेना.

आता आत्यांचं लुगडं. नऊवारी. बालरवीत ते मावणार कसं? वेणूने एकदा कोंबून बघितलं, तर पिशवीची चेन तुटता तुटता राहिली. आत्या हसल्या. "दे इकडे. आम्ही नदीवर न्हायला जायचो तेव्हा दुसरं लुगडं कुठे होतं? अर्धं नेसायचं, अर्धं वाळवायचं. मी अंगावरच वाळवते."

त्यांनी ओलं लुगडं नेसलं आणि त्या कातळावर जाऊन बसल्या. पाटीवर लिहिलंच होतं, येथे बसावे. दुपारी परत आल्या तर लुगडं कडकडीत.

वेणू बघत राहिली. मुलांनो, मोठे शोध असेच लागतात. नुसतं बघत राहिल्याने.

दुसऱ्या दिवशी आत्या निघाल्या तेव्हा वेणू म्हणाली, "आत्या, एवढं एक दुपटं खांद्यावर टाकू? बबडीचं पुरळ बरं होईल."

"टाक की," आत्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपट्यावर भानुदासचा सदरा चढला. मग चादर, डोक्यावरून पदरासारखी. मग बबडीची झबली, एकेका बोटात एकेक. आत्या फांदी फांदीने खाली उतरायच्या. ओल्या कपड्यांचं ओझं आधीच वाळक्या जिवाला. घोरपड खालून म्हणाली, "साहेब, हा बघा ओला कपडा." पिसारेसाहेब आले, आत्यांभोवती फिरले, मान तिरपी करून विचार केला.

"हा वाळत घातलेला कपडा नाही," त्यांनी निकाल दिला. "हा पेहराव आहे. ज्येष्ठांना थंडी वाजते."

झालं. दुसऱ्या सकाळी कातळ भरला. सशाचे आजोबा सुनेची तीन झंपरं एकावर एक घालून आले. साळिंदराच्या आजीच्या काट्या-काट्यावर मोजे होते. म्हातारं कासव पाठीवर अख्खी सतरंजी घेऊन आलं आणि पोहोचेपर्यंत ती निम्मी वाळलेली होती. सगळ्या वडाची म्हातारी माणसं ओले कपडे घालून ओळीने उन्हात बसायला लागली. मध्येच उठून स्वतःला उलटून घ्यायची.

सांबर पुन्हा आलं. "वा," ते म्हणालं, "काय संस्कारी वड आहे. ज्येष्ठांना किती मोकळीक." त्याने दोन ढोल्या घेतल्या.

वेणूला आत्यांना तसं बसलेलं बघून लाज वाटायची. खरंच वाटायची. पण ढोलीत मोकळं वाटायचं. आत्यांची वळकटी दिवसभर दाराशी नसल्यामुळे तिथे बादली ठेवता यायची. लाज आणि बादली, दोन्हींना एकदम जागा नव्हती. तिने बादली ठेवली.

दमट हवेने आत्यांच्या गोधडीला बुरशी आली. वेणूने ती धुवायला काढली. वेणू कामाची होती, गोधडी स्वच्छ धुतली. पण ती आत्यांच्या अंगावर घालायचा तिला धीर झाला नाही. ओली गोधडी म्हणजे दगड. म्हणून तिने ती बालरवीला लावली. एक टोक पिशवीत गेलं आणि बाकीची गोधडी ढोलीभर पसरली. भिंतीपासून भिंतीपर्यंत. झोळीत बबडी, झोळीखाली गोधडी, कडेला पाय दुमडून वेणू. भानुदासला तिने माळावरच्या मावसभावाकडे झोपायला पाठवला. त्याने हरकत घेतली नाही.

संध्याकाळी ती कपडे आणायला कातळावर गेली. बाकीचे म्हातारे गेले होते. आत्या एकट्याच होत्या. वेणूने चादर काढली, गालाला लावली. वाळली होती. सदरा काढला, वाळला होता. दुपटी, झबली, सगळं वाळलं होतं. एकेक काढत गेली तशा आत्या लहान होत गेल्या. शेवटी लुगड्यातल्या आत्या उरल्या, आणि त्या फारच कमी उरल्या होत्या.

"झालं का गं?" आत्या म्हणाल्या. "चल मग. आता मलाही आत घे. वारा गार सुटलाय."

वेणूने वर बघितलं. झडप बंद होती. आतून घरघर येत होती.

"आत्या, आत तुमचीच गोधडी वाळतेय," ती म्हणाली. "पाय ठेवायला जागा नाही. तोवर जरा बसता का? वाळली की हाक मारते."

"बसते की," आत्या म्हणाल्या. "मला काय काम आहे?"

वेणू कपड्यांचा गठ्ठा घेऊन वर गेली. बबडीला कोरड्या दुपट्यात गुंडाळलं. दुपट्याला उन्हाचा वास येत होता. बबडी रडली नाही, पुरळही मावळलं होतं. वेणू तिला पाजायला घेऊन बसली. ढोलीत ऊब होती, घरघर चालली होती. तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा झडपेच्या फटीतून ऊन आत आलं होतं. बालरवी आपोआप बंद झाला होता. गोधडी वाळली होती.

वेणू तशीच खाली धावली. कातळावर पाटी होती, 'येथे बसावे'. बसलेलं कुणी नव्हतं. घोरपड डोळे चोळत म्हणाली, "आजींना शोधताय? त्या बघा."

ओढ्यापलीकडे एक उंबर होता. त्याला कुणी पोखरला नव्हता, कारण तो कुणाच्या डोळ्यात भरला नव्हता. त्याच्या फांदीच्या टोकाला ठकूआत्या काटक्या रचत होत्या. आणि दुसऱ्या फांदीवर त्यांचं लुगडं होतं. रात्रीच्या दवाने भिजलेलं, अख्खं नऊ वार, उघड्यावर, सगळ्या जंगलाला दिसेल असं. आत्या अंगाला नुसता एक जुना पंचा गुंडाळून काम करत होत्या.

वेणू ओढ्याच्या अलीकडे उभी राहिली. "आत्या, चला घरी."

"गोधडी वाळली का?"

"वाळली."

"मग बबडीला घाल. चांगली उबदार आहे, माझ्या आईच्या हातची."

"आत्या, रागावलात का?"

"नाही गं वेणूबाय," आत्या म्हणाल्या. त्यांनी एक काटकी दुसरीत ओवली आणि ओढून बघितली. "तू हाक मारशील म्हणून मी जागी होते. एवढंच."

वेणूला रडू आलं. ती ओढ्यात एक पाय टाकून उभी राहिली. पलीकडे जावं, आत्यांना धरून आणावं असं तिला फार वाटलं. तेवढ्यात वरून बबडी रडली आणि वेणू परत फिरली. रडणारं मूल असलं की बाईला कुठलाही पाय मागे घेता येतो, कुणी नावं ठेवत नाही.

त्या लुगड्याचं पिसारेसाहेबांनी काय केलं म्हणता? उंबर त्यांच्या हद्दीत नव्हता. ते दोन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांनी नवी पाटी लावली: 'प्रत्येक ढोलीतून पारंपरिक ग्रामजीवनाचे रम्य दर्शन.' ढोल्यांची किंमत वाढली. आपलं लुगडं वाळत असलं की किंमत उतरते, दुसऱ्याचं वाळत असलं की वाढते. हे गणित शाळेत शिकवत नाहीत, मोठेपणी आपोआप येतं.

भानुदास उंबराची फळं आणायच्या निमित्ताने पलीकडे जायला लागला. येताना त्याचा सदरा कोरडा असायचा.

इकडे कपडे साठत गेले. चादर वाळेना, सदरे वाळेनात, दुपट्यांना पुन्हा तो वास यायला लागला. बबडी पुन्हा रडायला लागली. एक बालरवी पुरेना. तसा एके सकाळी कोल्हा दारात उभा राहिला. त्याच्या हातात तशीच सुबक पेटी होती.

"ताई, दुसरा आणलाय. थोरला. यात चादरसुद्धा मावते," तो म्हणाला. "पण याला जागा थोडी जास्त लागते, खोटं कशाला बोलू. जागा आहे ना?"

वेणूने दाराजवळ बघितलं. तिथे बादली होती आणि बादलीमागे वळकटीएवढी रिकामी जमीन होती. तिने पायाने बादली जरा सरकवली.

"आहे," ती म्हणाली. "आता आहे."

तात्पर्य: लहान घरात ज्याची घडी होत नाही ते ठेवू नये. ऊन ठेवू नये, ते पसरतं. म्हातारी माणसं ठेवू नयेत, ती वाट बघत बसतात. यंत्र अवश्य ठेवावं, त्याची घडी होते असं पेटीवर छापलेलं असतं. चला, पांगा आता, आया हाका मारत असतील. मी बसतो इथेच पायरीवर. आतलं वाळलं की मलाही हाक मारणार आहेत.